एक्केचाळीस नंबरचा मुरा

अप्पांना जाऊन दीड महिना झाला तेव्हा पुण्याहून त्यांच्या नावाने एक ईमेल आला. शेवटच्या वर्षभरात त्यांचे ईमेल मीच उघडत असे. ते उत्तर सांगत आणि मी टाइप करत असे. त्या दिवशीही सवयीनेच उघडला. लिहिणाऱ्या बाईंना वडील गेल्याचं कळलेलं नव्हतं. मांजरा नदीतल्या तीन मुरा माशांपैकी चाळीस आणि बेचाळीस नंबर व्यवस्थित जुळतात, असं त्यांनी लिहिलं होतं. एक्केचाळीसचा डीएनए बारकोड मात्र दिलेल्या नावाशी जुळत नाही. एक तर मासा ओळखण्यात चूक झाली आहे, नाही तर कुठेतरी नळ्यांची अदलाबदल झाली आहे. मूळ मासा पाहिल्याशिवाय काही ठरवता येणार नाही, आणि महिनाअखेरपर्यंत तो मिळाला नाही तर ही नोंद संग्रहातून काढून टाकावी लागेल.

शेवटी लिहिलं होतं, "सर, कृपया राग मानू नये."

राग मानायला सर नव्हते. मी ईमेल बंद केला. अप्पांची नोंद काढून टाकणार, एवढंच डोक्यात राहिलं होतं.

अप्पा तालुक्याच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवत. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमचं घराणं किराणा दुकानाचं. दुकान काका बघतात, आणि घरात मासा सोडाच, अंडंही कधी आलेलं नाही. अशा घरातल्या माणसाने जिन्यावरच्या खोलीत बाटल्यांतून मासे ठेवावेत हे आईला पन्नास वर्षांत पटलं नाही.

"गळ्यात लिंग आन् हातात मासा," ती म्हणायची. "लोकांनी काय म्हणावं?"

"लोकांना वास येतो का?" अप्पा विचारायचे.

"माशाचा न्हाई येत. अल्कोहोलचा येतो. ते त्याहून वाईट."

तिचं खरं होतं. शेजारच्या घरात नवीन भाडेकरू आले की पहिले चार-सहा महिने ते अप्पांकडे जरा वेगळ्या नजरेने बघत.

नोकरीच्या काळात अप्पांनी मांजरा, वाण, बिंदुसरा अशा नद्यांतून मासे गोळा केले आणि त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे फॉर्मलिनमध्ये ठेवले. मासा फॉर्मलिनमध्ये वर्षानुवर्षं टिकतो, खवलेसुद्धा मोजता येतात. निवृत्तीनंतर ते पुण्याला एका प्रशिक्षणाला गेले. तिथे त्यांना कळलं की फॉर्मलिनमध्ये राहिलेल्या माशाचा डीएनए वाचता येणं जवळजवळ अशक्य असतं. ते परत आले त्या संध्याकाळी मी त्यांना जिन्यावरच्या खोलीत उभं राहिलेलं पाहिलं. तीन भिंतींना बाटल्या होत्या.

"बाई," मला म्हणाले, "हे सगळे आता मुके."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी वही आणली आणि पहिल्या पानावर आकडा घातला: एक. तेव्हा ते साठी ओलांडून गेले होते, गुडघे दुखत होते. जुन्या बाटल्यांबद्दल पुन्हा ते कधी बोलले नाहीत. त्या त्यांनी कॉलेजला दिल्या, मुलांना खवले मोजायला.

हा बारकोड म्हणजे काय ते त्यांनी मला माझ्याच भाषेत सांगितलं होतं. प्रत्येक जातीच्या पेशीत डीएनएचा एक ठरावीक तुकडा असतो. तो चार अक्षरांत लिहिलेल्या लांब ओळीसारखा वाचता येतो. एका जातीत ती ओळ जवळपास सारखी, दुसऱ्या जातीत बदललेली. ओळखलेल्या माशांच्या अशा ओळी एकत्र ठेवल्या की त्याचं संदर्भ-ग्रंथालय होतं. पुढे कुणी नदीचं नुसतं बाटलीभर पाणी तपासलं तरी त्यात सापडलेली ओळ या ग्रंथालयाशी ताडून बघता येते आणि त्या पाण्यात कोण राहतं ते कळतं.

"फक्त तुझ्या ग्रंथालयात पुस्तक हरवलं तर दुसरी प्रत मागवता येते," ते म्हणाले. "इथं ओळ ज्या माशाची, तोच मासा जपून ठेवावा लागतो. कुणी शंका काढली तर त्यालाच पुढं करायचं."

त्यांच्या शेवटच्या फेऱ्यांमध्ये मी बरोबर जायची. युसूफ वडगावच्या बाजारात मासे विकणारे एक भोईकाका आम्हाला नदीवर भेटत. मुरा म्हणजे बोटाएवढा मासा, तळाच्या दगडांखाली राहणारा, अंगावर आडवे पट्टे. त्याला बाजारात कुणी विचारत नाही. काका पाण्यात ओणवे होऊन दगड असा अलगद उचलत की तळाची माती हलत नसे, आणि दुसऱ्या हाताची ओंजळ आधीच तिथे ठेवलेली असे. अप्पा काठावर गुडघ्यावर हात ठेवून ते बघत राहायचे. त्यांना ते काम फार आवडायचं.

"सर, ह्ये तुमी खायचं न्हाई, इकायचं बी न्हाई," काका एकदा म्हणाले. "मग मारायचं कावून?"

"मला बी बरं वाटत न्हाई," अप्पा म्हणाले. "पर आपल्या मागं ह्या नदीत काय होतं, ह्ये कुणाला तरी दाखवाया पाहिजे ना."

"आपल्या मागं कोन इचारतंय."

"इचारलं तर?"

काका हसले. "मग चारच घ्या. राहिलेले आमच्या म्हातारीच्या कालवनाला."

अप्पांनी त्या दिवशी तीनच घेतले. तेच चाळीस, एक्केचाळीस आणि बेचाळीस.

घरी आल्यावरचं काम मी इतक्यांदा पाहिलं आहे की अजूनही क्रम चुकत नाही. पाण्यात लवंगेचं तेल टाकायचं, म्हणजे मासा आधी गुंगतो आणि मग शांतपणे जातो. ते तेल आमच्याच किराणा दुकानातून यायचं. "दातदुखी माशाला हाय का मास्तरला?" हा दुकान बघणाऱ्या काकांचा ठरलेला विनोद होता. मग माशाचं तोंड डावीकडे करून फोटो. डावी बाजू कायम शाबूत ठेवायची. डीएनएसाठी जो कण घ्यायचा तो उजव्या बाजूनेच. कण शुद्ध अल्कोहोलच्या छोट्या नळीत जायचा, मासा अल्कोहोलच्या बाटलीत. एका माशाची कात्री दुसऱ्याला लावण्याआधी पुसून, दिव्यावर धरून लाल करायची. एका वेळी एकच बाटली उघडी ठेवायची. कुणी हाक मारली तरी आधी झाकण लावायचं आणि मग ओ द्यायची. आईला याचा राग यायचा. ती म्हणायची, घराला आग लागली तरी हे आधी बूच लावतील.

आणि चिठ्ठी. नंबर बाटलीवर चिकटवायचा नाही, कारण अल्कोहोलने डिंक सुटतो. झाकणावर लिहायचा नाही, कारण झाकणं बदलतात. जाड कागदाची पट्टी करून त्यावर नंबर, नदी, गाव आणि तारीख लिहायची आणि ती माशाबरोबर आतच सोडायची. अप्पा या पट्ट्या पेन्सिलीने लिहीत. त्यांच्या खणात टोकं केलेल्या पेन्सिली असत, बोटभर उरल्या तरी न टाकलेल्या. मला वाटे, जुन्या शिक्षकाची काटकसर.

चाळीस ते बेचाळीसच्या वेळी त्यांचा हात थरथरायला लागला होता. कण त्यांनी स्वतः काढले, मनगट टेबलाला टेकवून, एकेका माशाला अर्धा तास लावून. वहीतल्या नोंदीही स्वतःच केल्या. पण चिठ्ठ्यांचं बारीक अक्षर त्यांना जमेना. "तू लिही," म्हणाले आणि खाटेवर आडवे झाले.

ग्रंथालयात आमच्याकडे एक नियम आहे, तो मी नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकले. दाखल नोंदवही शाईतच लिहायची. पेन्सिल फक्त तात्पुरत्या गोष्टींना, जे उद्या खोडायचं असेल त्याला. अप्पांचे मासे कायमचे होते. मी माझं चांगलं पेन घेतलं, काळ्या निळ्या शाईचं, आणि तिन्ही पट्ट्या इतक्या सुबक लिहिल्या की स्वतःलाच समाधान वाटलं. वाळू दिल्या. बाटल्यांत सोडल्या. अप्पांनी उशीवरून मान वळवून एक बाटली उजेडात धरायला लावली आणि म्हणाले, "अक्षर लई चांगलं हाय."

कण पुण्याला कुरिअरने गेले. मासे मागाहून मी स्वतः घेऊन येतो, असं अप्पांनी कळवलं. ते जाणं झालं नाही.

ईमेल आला त्या दिवशी मी अप्पांनंतर पहिल्यांदा जिन्यावरच्या खोलीत गेले. मयतीला आलेल्या पाहुण्यांसाठी ती रिकामी केली होती. कुणीतरी सगळ्या बाटल्या दोन खोक्यांत भरून माळ्यावर ठेवल्या होत्या. बाटल्यांचा क्रम मोडला होता, पण त्याचं काही वाटलं नाही. चिठ्ठ्या आत होत्या. खोकी खाली उतरवून मी एकेक बाटली खिडकीशी धरून वाचत गेले. बारा. सदतीस. नऊ. अप्पांची पेन्सिल अल्कोहोलमध्ये कालच्यासारखी दिसत होती.

मग तीन बाटल्या अशा निघाल्या की त्यांतलं अल्कोहोल किंचित निळं होतं आणि आतली पट्टी कोरी.

मी पट्टी उलटी असेल म्हणून बाटली हलवली. दुसरी बाजूही कोरी होती. तिन्ही बाटल्यांत बोटाएवढा एकेक मुरा होता आणि कोणता मुरा कोणत्या नंबरचा, हे सांगणारं माझं सुबक अक्षर विरघळून त्यांच्याच अंगाभोवती पसरलं होतं.

पुण्याच्या बाईंना मी फोन केला. अप्पांचं सांगितलं. मग मी बाटल्यांचं सांगितलं, पण शाईचं सांगायचं धैर्य झालं नाही, चिठ्ठ्या पुसल्या गेल्यात एवढंच म्हटलं. आणि घाईने पुढे म्हणाले, "पण तिघांत एक जरा वेगळा दिसतो. त्याचे पट्टे फार गडद आहेत. तोच एक्केचाळीस असणार."

"असेलही," त्या म्हणाल्या. "पण ताई, ओळ वेगळी आली म्हणून आपण वेगळा दिसणारा मासा शोधला, आणि तो वेगळा दिसतो म्हणून ओळ बरोबर म्हणायचं, असं नाही चालणार. सरांनीच ते चालू दिलं नसतं."

खरंच चालू दिलं नसतं. मी त्यांना फोनवर तसं म्हणाले.

"नुसत्या फोटोंवरून नक्की नाही सांगता येणार, अल्कोहोलमध्ये रंग बदलतो. सरांची वही आहे ना? ते सारख्या दिसणाऱ्या माशांचा कण नेहमी वेगवेगळ्या जागेवरून घ्यायचे. मला त्यांनीच शिकवलंय. आणि एक करा, वही तुमच्याकडे ठेवा, पण मी येईपर्यंत मासे बाहेर काढू नका."

वही कपाटात होती. ती उघडायला मला दोन दिवस लागले. कॉलेजातून यायचे, कपाटापर्यंत जायचे आणि आईने चहाला हाक मारली की बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी उघडली. थरथरणारं अक्षर शेवटच्या पानांवर खूप मोठं झालं होतं, पहिलीच्या मुलासारखं, पण एकही रकाना सोडलेला नव्हता. चाळीस: उजव्या छातीचा पर, टोक. एक्केचाळीस: उजवी कूस, पाठीच्या पराखाली, तांदळाच्या कणीएवढा. बेचाळीस: उजव्या पोटाचा पर. एक्केचाळीसच्या पुढे आणखी काही शब्द होते: "पट्टे फिके. तीच जात?"

ते प्रश्नचिन्ह मला आठवलं. कणांसोबत पुण्याला पाठवायचा फॉर्म मीच भरला होता. जातीच्या नावाच्या रकान्यात ते चिन्ह टाइप होईना, तेव्हा मी अप्पांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "राहू दे. मासा जाईल ना सोबत. बघतील त्या."

बाई महिना संपायला चार दिवस असताना आल्या. माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पाठीवर मोठी पिशवी. आईने त्यांना आधी जेवायला वाढलं, मग वर जाऊ दिलं. आई स्वतःही वर आली आणि दाराशी बसली. त्या खोलीत तिला बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

बाईंनी अप्पांच्या टेबलावर पांढरी बशी ठेवली. "तुम्ही वही धरा," मला म्हणाल्या, "पण मला काही सांगू नका. मी जे दिसतं ते बोलते. मग तुम्ही वाचा." त्यांनी पहिली बाटली उघडली, मासा चिमट्याने उचलून उजवी बाजू वर करून ठेवला, आणि भिंगातून बघायच्या आधी बाटलीचं झाकण परत लावलं. आईने माझ्याकडे पाहिलं.

पहिला होता गडद पट्ट्यांचा, ज्याला मी एक्केचाळीस ठरवून टाकलं होतं. बाई खूप वेळ वाकून बघत होत्या.

"कूस शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "पोटाचा पर उजवीकडे नाही. मुळापासून कापलाय."

मी वहीत बघून म्हणाले, "बेचाळीस."

दुसऱ्याच्या छातीच्या पराचं टोक नव्हतं. तो चाळीस. तिसरा त्यांनी बशीत ठेवला, तो तिघांतला सगळ्यात साधा, फिकट मासा होता. उजव्या कुशीवर, पाठीच्या पराच्या बरोबर खाली, एक बारीक खड्डा होता. कडा इतक्या सरळ की थरथरणाऱ्या हाताने हे केलं असेल असं कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

"तांदळाची कणी," मी म्हणाले. मग पुढचं वाचलं, "पट्टे फिके. तीच जात?"

बाईंनी मग त्या माशाची डावी बाजू वर केली आणि तासभर काम केलं. मिशा बघितल्या, शेपटीचा आकार बघितला, अंगावरची रेषा कुठे थांबते ते मोजलं, अप्पांचे फोटो लॅपटॉपवर काढून ताडले. शेवटी भिंग खाली ठेवून म्हणाल्या, "हा दुसराच आहे. नळ्या बदललेल्या नाहीत. सरांची शंका बरोबर होती, जात वेगळी आहे. मांजरा नदीतला या जातीचा नमुना आमच्याकडे नव्हता."

"मग नोंद?" मी विचारलं.

"नोंद राहील. नाव बदलू. नाव चुकलं तर दुरुस्त करता येतं, ताई. मासा नसता तर मला ती काढावीच लागली असती."

तेव्हा मी त्यांना शाईचं सांगितलं. चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या, पेनाने, मुद्दाम चांगल्या पेनाने. अप्पांना कळलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं, असंही काहीतरी म्हणाले.

बाई उत्तर देण्याआधी दारातून आई म्हणाली, "त्यांना ठाव होतं."

आम्ही दोघींनी वळून पाहिलं.

"शाई उतराया लागली तव्हाच दिसलं त्यांना. मला म्हणले, आपल्या बाईला बोलू नको, तिनं लई मन लावून लिहिलंय. ऊठबस कराया लागलो की मीच बदलतो." आई पदराने गुडघा झटकत उठली. "ऊठबस कसली. शेवटपर्यंत माशांचंच."

वहीचं पुढचं पान मी उलटलंच नव्हतं. बेचाळीसनंतर वही संपली असं मी धरून चालले होते. पानावर वरच्या बाजूला एकच ओळ होती: "४० ते ४२, चिठ्ठ्या शाईच्या. पेन्सिलीने करून घेणे." बाकीचं पान मोकळं होतं.

बाईंनी पिशवीतून जाड कागद काढला. मी अप्पांच्या खणातली बोटभर पेन्सिल घेतली आणि तीन पट्ट्या लिहिल्या. माझं अक्षर त्या दिवशी चांगलं आलं नाही. एक बाटली उघडायची, पट्टी सोडायची, झाकण लावायचं, मग दुसरी. बेचाळीसपर्यंत सगळ्याच बाटल्या बाई घेऊन जाणार होत्या, त्या नीट ठेवल्या जातील अशा ठिकाणी. आईने अप्पांचं एक जुनं उपरणं फाडून तीन तुकडे केले आणि या तीन बाटल्या त्यात गुंडाळल्या.

"तिथं खोली थंड हाय का?" तिने विचारलं.

"हो, मावशी. चोवीस तास."

"आन् बघाया कोन हाय?"

"मी आहे."

"एका टायमाला एकच बाटली उघडत जा," आई म्हणाली.

नोंद दुरुस्त झाल्याचा ईमेल पुढच्या आठवड्यात आला. जातीचं नाव नवं होतं. ओळखणाऱ्याच्या जागी त्या बाईंचं नाव, गोळा करणाऱ्याच्या जागी अप्पांचं. ठिकाणात नदीचं नाव आणि त्या दगडांजवळच्या गावाचं. मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने भोईकाकांनाही कळवायला सांगितलं. मी बाजाराच्या दिवशी युसूफ वडगावला गेले, तर काका म्हणाले, "म्हंजी इचारलं म्हना की कुनीतरी."

घरी येऊन मी वही घेतली आणि अप्पांच्या शेवटच्या ओळीपुढे काम झाल्याची खूण करायला बसले. हातात सवयीने पेन आलं होतं. ते ठेवून दिलं, पेन्सिल शोधली आणि खूण केली.